जहाज निवडण्याआधी बंदर निवडा

आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, हिला आज झालंय तरी काय! कर्जफेड, लोणच्याच्या बरणीवरचं लेबल, शेळ्यांचा विमा यावर बोलणाऱ्या आपण, आणि आज एकदम समुद्रातली क्रूझ. पण हा विषय तुम्हीच पाठवलाय. कुणाची मुलगी मुंबईत नोकरीला लागली आणि म्हणाली, "आई, यंदा तुला जहाजानं फिरवते." कुठल्या गटानं सहलीची वेगळी भिशी तीन वर्षं साठवली आणि आता अष्टविनायक झाल्यावर पुढे काय, असा प्रश्न पडला. कुणाच्या मोबाईलवर जाहिरात आली आणि ती बैठकीत सगळ्यांच्या हातातून फिरली. सगळ्यांचं विचारणं एकच आहे : मार्ग दोन-चार दिसतात, त्यातला निवडायचा कसा? आणि बंदरात उतरल्यावर करायचं काय?

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. जाहिरातीत जहाज दिसतं. पोहायचा तलाव, झुंबरं, रात्रीचा नाचगाण्याचा कार्यक्रम, भरलेली ताटं. पण जहाज म्हणजे बोलूनचालून तरंगतं हॉटेल. ते गोव्याला गेलं काय आणि लक्षद्वीपला गेलं काय, आतलं जेवण आणि झुंबर तेच. बदलतं ते बंदर. म्हणून घरी आल्यावर शेजारणीला काय सांगायचं आहे, ते आधी ठरवा. ते बंदरात ठरतं. आणि पैसे वसूल झाले की वाया गेले, हेही बरंचसं तिथंच ठरतं.

आपल्या आज्या बोटीनंच जायच्या

बोटीचा प्रवास आपल्याला नवा नाही. रेल्वे आणि चांगले रस्ते होण्याआधी कोकणातली माणसं मुंबईला बोटीनंच जात. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून निघालेली बोट रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत गोव्याला जायची. बऱ्याच ठिकाणी बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं पडावातून किनाऱ्यावर यायची. डोक्यावर ट्रंक, काखेत पोर, आणि लाटेवर डुलणारा पडाव. 'बोट लागली' हा शब्द आपल्या भाषेत तिथूनच आलाय. पुढे एसटी गावोगाव पोचली, १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. तोवर ती बोटवाहतूक इतिहासजमा झाली होती.

त्या इतिहासात एक दुःखही आहे. १७ जुलै १९४७ रोजी 'रामदास' ही बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि भर पावसाळ्यात वादळात बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. रायगडच्या किनाऱ्यावरच्या गावांत अजून ती आठवण निघते. समुद्राचा मोसम आणि लाईफ जॅकेट या दोन गोष्टींवर मी पुढे पुन्हा पुन्हा बोलणार आहे, तेव्हा 'रामदास' लक्षात ठेवा.

मार्ग तीन, अंतरं तीन

आपल्या आवाक्यात येऊ शकतील असे मुख्य मार्ग तीन. पहिला मुंबई ते गोवा. दुसरा लक्षद्वीपचा, मुंबईहून किंवा कोचीहून. तिसरा चेन्नईहून श्रीलंकेचा. वेळापत्रकं दरवर्षी बदलतात, म्हणून तारखा आणि भाडं मी सांगत नाही. मार्ग कसा समजून घ्यायचा ते सांगते.

प्रवासी जहाज साधारण ताशी तीस किलोमीटरच्या आसपास चालतं असं धरा. मुंबईच्या बॅलार्ड पिअरच्या धक्क्यापासून गोव्याचं मुरगाव बंदर समुद्रमार्गे चारशे किलोमीटरच्या थोडं वर आहे. म्हणजे चौदा-पंधरा तास. संध्याकाळी बसलात की सकाळी गोवा. दोन-तीन रात्रींत जाऊन-येऊन होतं. काही फेऱ्यांत एकेरी तिकीटही मिळतं. जाताना जहाज आणि येताना मडगावहून कोकण रेल्वे. पहिल्यांदा जाणाऱ्या गटासाठी हा पर्याय खिशाला बरा पडतो.

लक्षद्वीप मुंबईपासून नऊशे किलोमीटरच्या घरात. तीस तास नुसतं जायला. म्हणजे जाताना एक पूर्ण दिवस पाणी, येताना एक पूर्ण दिवस पाणी. चार-पाच रात्रींच्या सहलीत बेटावर पाय टेकतो तो एखादाच दिवस. याउलट कोचीहून बेटं दोनशेवीस ते चारशेचाळीस किलोमीटरवर आहेत. लक्षद्वीप प्रशासनाची 'स्पोर्ट्स' नावाची पर्यटन संस्था कोचीहून 'समुद्रम्' नावाची पाच दिवसांची सहल काढत आली आहे. त्यात एम. व्ही. कवरत्ती हे जहाज रात्री प्रवास करतं आणि दिवसा एकेक बेट दाखवतं : कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय. या जहाजावर झुंबरं नाहीत, पण दिवस तीन, बेटं तीन. कोचीपर्यंतचा रेल्वेप्रवास मात्र आपला आपण करायचा.

श्रीलंकेचा मार्ग २०२३ च्या जूनमध्ये चेन्नईहून सुरू झाला. हंबनटोटा, त्रिंकोमाली आणि जाफन्याजवळचं कांकेसंथुराई ही तिथली बंदरं. हा परदेश आहे, त्यामुळे आधार कार्ड चालत नाही, पासपोर्ट लागतो. गटात दोघींकडेच पासपोर्ट असेल तर हा मार्ग यंदापुरता बाजूला ठेवा.

आणखी एक प्रकार जाहिरातीत सर्वांत स्वस्त दिसतो : मुंबईहून निघायचं, समुद्रात फिरायचं आणि मुंबईलाच परत. त्यात बंदरच नाही. ज्यांना नुसतं जहाज बघायचंय त्यांनी खुशाल जावं. पण "गोवा बघायला चाललो" म्हणून हे तिकीट काढू नका. कागदावर बंदराचं नाव आहे का, ते वाचा.

तासांचा हिशोब

गटाच्या वहीत आपण पैशाचा हिशोब मांडतो, तसाच इथे तासांचा मांडायचा. समजा, जहाज सकाळी नऊला मुरगावला लागणार आणि संध्याकाळी सहाला सुटणार. कागदावर नऊ तास. आता वजाबाकी करू या. हजार-दीड हजार माणसं एकदम उतरत नाहीत. रांग, ओळखपत्र तपासणी यात एक तास धरा. सुटण्याच्या किमान एक तास आधी परत चढावं लागतं. राहिले सात. फोंड्याच्या बाजूला देवदर्शनाला जायचं तर गाडीनं जायला एक तास, यायला एक तास. राहिले पाच. जेवणाला एक. उरले चार.

नऊ तासांचे चार झाले. या चार तासांत दोन ठिकाणं निवांत होतात, तीन धावतपळत. कुणी सात ठिकाणांची यादी दाखवली तर समजा, ती खिडकीतून बघायची आहेत.

हाच हिशोब जहाजांच्या तुलनेलाही वापरा. दोन सहलींचं भाडं जवळपास सारखं असेल, पण एकीत बंदरावरचे खरे तास चार आणि दुसरीत पंधरा, तर कुठली स्वस्त? भाडं भागिले तास करून बघा. आपल्या गटातली कुठलीही सचिव हे गणित चुटकीसरशी करेल.

गोव्यात उतरल्यावर

मुरगाव बंदर वास्को शहराला लागून आहे. पणजी आणि जुनं गोवं तिथून तीसेक किलोमीटर. तीन प्रकारचे बेत होऊ शकतात, त्यातला एकच निवडा.

देवदर्शन हवं असेल तर फोंडा तालुका. मंगेशी आणि कवळ्याची शांतादुर्गा, दोन्ही देवळं एकमेकांपासून जवळ, आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांची ती कुलदैवतं. वाटेत वेळ उरला तर जुन्या गोव्यातलं बाँ जेझू चर्च बघता येतं. १६०५ साली पूर्ण झालेलं हे चर्च. सेंट फ्रान्सिस झेवियरचे अवशेष तिथे ठेवले आहेत. देवळात आणि चर्चमध्ये खांदे-गुडघे झाकलेले कपडे लागतात. साडी किंवा पंजाबी ड्रेस असेल तर आपल्याला त्याची काळजीच नाही.

समुद्रकिनारा हवा असेल तर दुसरं काही ठेवू नका. पाण्यातले खेळ, म्हणजे छत्रीला बांधून उडवणं, केळ्याच्या आकाराच्या होडीवर बसणं, मजेचे आहेत. पण लाईफ जॅकेट अंगावर घट्ट बसवून दिल्याशिवाय बसू नका. पैसे आधी ठरवा. पाठ, मान, रक्तदाब, गुडघे यांचं दुखणं असलेल्यांनी वाळूत बसून नारळपाणी प्यावं, तीही सहलच.

आणि ज्यांना लांब जाणं झेपत नाही, त्यांनी वास्को सोडूच नये. तिथलं दामोदराचं देऊळ श्रावणातल्या भजनी सप्ताहासाठी प्रसिद्ध आहे. मासळीबाजारात मासे विकणाऱ्या बायकांचा व्यवहार तासभर उभं राहून बघितला तरी आपल्यासारख्यांना शिकण्यासारखं बरंच सापडतं : माल मांडतात कसा, पहिला भाव किती सांगतात, कुठल्या गिऱ्हाइकाला सोडतात आणि कुठल्याला परत बोलावतात. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार मोठा आहे, पण तो पणजीच्याही पलीकडे. तुमचा दिवस शुक्रवार नसेल तर त्याचं नाव काढू नका.

लक्षद्वीपमध्ये उतरल्यावर

इथली गोष्ट वेगळी. ही बेटं पोवळ्यांची आहेत. सगळ्यांचं क्षेत्रफळ मिळून बत्तीस चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडची दोन-चार मोठी गावं. वस्ती दहा बेटांवर. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या चौसष्ट हजारांच्या आसपास होती. तिथे जायला भारतीय माणसालाही प्रवेश परवाना लागतो. सहलीतून जाताना तो साधारणपणे सहल काढणारेच मिळवून देतात, पण फोटो आणि ओळखपत्र वेळेत द्यावं लागतं. बेटांवर दारूबंदी आहे. वस्ती बहुतेक मुस्लीम. गावातून फिरताना अंगभर कपडे, आणि कुणा बाईचा फोटो काढायचा तर आधी विचारायचं, एवढं सांभाळलं की झालं.

मोठं जहाज बेटाला लागत नाही. ते बाहेर खोल पाण्यात थांबतं आणि आपल्याला लहान होडीतून नेतात, अगदी आपल्या आज्यांच्या पडावासारखं. होडी हलते, हात देणारे खलाशी असतात, पण एक पाऊल भरवशानं टाकावं लागतं. गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली किंवा चक्कर येणारी मैत्रीण असेल तर हे तिला आधी सांगा. आणि समुद्र खवळलेला असेल तर कप्तान उतरणं रद्द करतो. अशा वेळी पैसे परत मिळतील का, हे अटींमध्ये वाचा. बहुतेक ठिकाणी पूर्ण परत मिळत नाहीत. कप्तानाशी मात्र वाद घालू नये. 'रामदास' आठवावी.

बेटावर काय करायचं? पोहता येत नसेल तरी चालेल. बेटाच्या एका बाजूला पोवळ्यांच्या भिंतीनं अडवलेलं उथळ, शांत पाणी असतं. त्यात तळाला काच बसवलेली होडी नेतात. बसल्या जागी खालचे मासे आणि पोवळी दिसतात. पाण्यात उतरलात तर पोवळ्यांवर पाय ठेवू नका. ते दगड दिसतात पण जिवंत असतात, आणि समुद्राचं पाणी नेहमीपेक्षा तापलं की पांढरे पडून मरतात. त्यांचा तुकडा आठवण म्हणून पिशवीत टाकणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे.

कवरत्तीला गेलात तर उजरा मशिदीचं कोरीव लाकडी छत बघा. आणि दुष्काळी तालुक्यातल्या मैत्रिणींनो, तिथे समुद्राच्या पाण्यातून पिण्याचं पाणी बनवणारा प्रकल्प आहे. चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेनं तो २००५ साली उभारला, दिवसाला एक लाख लिटर पाण्यासाठी. युक्ती आपल्या स्वयंपाकघरातली आहे. भाताच्या पातेल्यावरच्या झाकणाला आतून थेंब जमतात ना, तसंच. समुद्राच्या वरचं कोमट पाणी हवेचा दाब कमी केलेल्या टाकीत घेतात, तिथे ते न उकळवता लवकर वाफ होतं. मग साडेतीनशे मीटर खोलीवरून ओढून आणलेल्या थंडगार पाण्यानं ती वाफ निववतात. मीठ मागे राहतं, गोड पाणी हाती येतं. चारी बाजूंनी पाणी आणि प्यायला तुटवडा, अशा ठिकाणच्या बायकांनी हंडा कसा भरला, हे बघण्यासारखं आहे. आत जाऊ देतात का, हे बुकिंगच्या वेळीच विचारा.

कल्पेनीला नारळाच्या काथ्याचं काम दाखवतात. सोडणं महिनोन्महिने किनाऱ्याच्या पाण्यात कुजवायची, बडवून धागा काढायचा, मग वळायचा. हे काम पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी केलं. एकेकाळी हाच काथ्या देऊन बेटांवर तांदूळ यायचा. सिंधुदुर्गातल्या ज्या मैत्रिणी काथ्याच्या दोऱ्या वळतात, त्यांनी तिथे जरूर बसावं. भाषा नाही आली तरी हात हाताशी बोलतील.

मिनिकॉय सर्वांत दक्षिणेचं बेट. तिथे ब्रिटिशांनी १८८५ साली बांधलेलं दीपगृह आहे. भाषा वेगळी, शेजारच्या मालदीवशी नातं सांगणारी. पुरुष दोरी-गळानं टुना मासा धरतात. लक्षद्वीपच्या बेटांवर घराण्याची मिळकत आईच्या वंशातून पुढे जाण्याची जुनी परंपरा आहे. सातबाऱ्यावर बायकोचं नाव लागावं म्हणून आपण तलाठ्याकडे खेटे घालतो. तेव्हा हे गाव बघताना मनात काय काय येईल, ते तुम्हीच मला परत येऊन सांगा.

श्रीलंकेच्या बंदरांत

थोडक्यात सांगते. त्रिंकोमालीला समुद्रातल्या कड्यावर कोणेश्वराचं शिवमंदिर आहे. देवदर्शन आणि समुद्र एकाच ठिकाणी. कांकेसंथुराईहून जाफना शहर आणि तिथलं नल्लूरचं कार्तिकस्वामीचं मंदिर बघता येतं. हंबनटोट्याहून याला राष्ट्रीय उद्यानात हत्ती, बिबटे बघायला नेतात, पण त्यासाठी तास भरपूर लागतात आणि प्राणी दिसतीलच याची खात्री नसते. रुपये तिथे बदलून घ्यावे लागतात. जड सामान, दागिने घेऊन जाऊ नका. परतताना सीमाशुल्काची तपासणी असते.

मोसम

पश्चिम किनाऱ्यावर क्रूझचा मोसम साधारण ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळतो. लक्षद्वीपची पर्यटक जहाजंही तेव्हा थांबतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पाणी सर्वांत शांत असतं. नेमकी तेव्हाच आपली रब्बीची, ऊसतोडीची, लग्नाची घाई. म्हणून तारीख ठरवताना शेतीचं आणि समुद्राचं, दोन्ही वेळापत्रकं शेजारी शेजारी ठेवा.

पैसे : दाखवतात किती, लागतात किती

जाहिरातीतला आकडा बहुतेक वेळा एका माणसाचा असतो, तोही एका खोलीत दोघी आहेत असं धरून. एकटीला खोली हवी तर जवळपास दुप्पट पडू शकते. तिघी-चौघींच्या खोल्या स्वस्त पडतात. बिनखिडकीची आतली खोली सर्वांत स्वस्त. झोपायलाच जायचंय, तर ती पुरे.

त्या आकड्यात काय नाही, ते विचारा. बंदर शुल्क, जीएसटी, सेवा शुल्क बऱ्याचदा वेगळे. बंदरावरच्या सहली वेगळ्या. साधं जेवण धरलेलं असतं, पण खास हॉटेलं आणि बाटलीबंद पेयं यांचे पैसे वेगळे. जहाजावर रोख चालत नाही. एक कार्ड देतात आणि सगळा खर्च त्यावर चढत जातो. कार्ड म्हणजे उधारीची वही आहे, शेवटच्या सकाळी बिल हातात पडतं. रोज रात्री काउंटरवर जाऊन आकडा विचारा. जुगाराची मशिनं दिसतील, त्यांच्यापासून लांब राहा.

मोबाईलसुद्धा. किनारा सुटला की आपलं नेटवर्क जातं आणि जहाजाचं महागडं नेटवर्क पकडलं जाऊ शकतं. फोन विमानाच्या चिन्हावर टाकून ठेवा. फोटो तरीही निघतात.

आणि गटांना कळकळीची सूचना. सहलीसाठी अंतर्गत कर्ज देऊ नका, फिरत्या निधीला हात लावू नका. सहलीची भिशी वेगळी, तिची वही वेगळी. जिला परवडत नाही, तिला "तुझे आम्ही भरतो" म्हणून भरीस घालू नका. नंतर तो भार बैठकीत येतो आणि गट मोडतो.

बोट लागू नये म्हणून

मोठं जहाज लहान होडीइतकं हलत नाही, तरी काहींना त्रास होतो. जहाजाच्या मधली आणि खालच्या मजल्यावरची खोली मागा, तिथे डोलणं कमी. मळमळलं तर आत कोंडून न घेता बाहेर या आणि लांब जिथे पाणी आभाळाला टेकतं तिथे नजर ठेवा. आल्याचा तुकडा जवळ असू द्या. पोट अगदी रिकामं नको, गच्चही नको. गोळी घ्यायची तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारून. बीपी-शुगरच्या गोळ्या दोन दिवस जास्तीच्या घ्या. समुद्रात मेडिकल नाही, जहाजावरचा डॉक्टर असतो पण त्याची फी वेगळी. सहा महिन्यांच्या पुढच्या गरोदर बाईला बहुतेक कंपन्या घेत नाहीत. पाळीची तारीख बघून पाण्यातले बेत ठरवा, कुजबुजत नको, मोकळेपणानं.

निघाल्यावर जहाजावर लाईफ जॅकेटचा सराव घेतात. कंटाळा करून खोलीत झोपू नका. आपल्या जागेचा नंबर पाठ करा.

बंदरात आपण ठरवलेल्या गाडीनं फिरायला गेलात आणि उशीर झाला, तर जहाज थांबत नाही. जहाजानंच काढलेल्या सहलीतली गाडी उशिरा आली तर ते साधारणपणे थांबतात. जहाजाची सहल महाग असते ती यासाठीही. दहा जणी मिळून बाहेरची गाडी स्वस्त पडेल. पण मग घड्याळ सांभाळणारी एक जण नेमा आणि तिचं ऐका.

बंदरात पैसे कुणाच्या हातात द्यायचे

जहाजाचं भाडं कंपनीकडे जातं. बंदरात आपण जे खर्च करतो, तेवढंच त्या गावाच्या हातात पडतं. म्हणून जहाजावरच्या दुकानातून आठवणवस्तू घेण्याऐवजी बेटावर बनलेला नारळ-गुळाचा हलवा घ्या, काथ्याची वस्तू घ्या. गोव्यात कोकम, काजू रस्त्यावर बसणाऱ्या बाईकडून घ्या. घासाघीस करा, पण आपण प्रदर्शनात स्टॉल लावतो तेव्हा मोठ्या गाडीतून उतरलेली बाई दहा रुपयांच्या पापडासाठी अर्धा तास घेते, तेव्हा कसं वाटतं ते आठवून करा.

आधी रंगीत तालीम

ज्यांची अजून हिंमत होत नाही, त्यांनी आधी लहान प्रवास करून बघावा. भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला गाड्या नेणारी रो-रो बोट २०२० पासून सुरू आहे, तासाभराचा प्रवास. गेटवेहून घारापुरीला जाणारी लाँचही साधारण तेवढाच वेळ घेते. लेणी सोमवारी बंद असतात. कुणाला बोट लागते, कुणाला नाही, हे त्यात कळून येईल.

आणि वेंगुर्ल्याला जा. तिथल्या मांडवी खाडीत 'स्वामिनी' बचत गटाच्या बायका २०१७ पासून पाहुण्यांना होडीतून कांदळवन दाखवतात. वल्ही त्यांच्याच हातात, माहितीही त्याच सांगतात. जहाजावर चढायच्या आधी त्यांच्या होडीत बसा. प्रवासी म्हणून काय बघायचं हे तिथे कळेल, आणि आपल्या गावात पाहुणे आले तर त्यांना काय दाखवता येईल, हेही सुचेल.

आता पुढच्या बैठकीत इतिवृत्ताच्या वहीत हे सहा प्रश्न लिहून घ्या, आणि जो कुणी तिकीट विकायला येईल त्याला विचारा. बंदरं कुठली? उतरून-चढून खरे तास किती मिळणार? धक्क्याला लागणार की होडीतून उतरायचं? आकड्यात काय धरलेलं नाही? उतरणं रद्द झालं तर पैशाचं काय? आणि कागदपत्रं कुठली लागतील? सहाही उत्तरं लेखी मिळाली, तर पुढे बोला. "ते नंतर बघू" असं उत्तर आलं, तर चहा पाजून निरोप द्या.

पुढच्या भागात आपण उन्हाळी वाळवणांच्या पॅकिंगबद्दल बोलू. तोवर नमस्कार.